नेट नेमकं कुठे अडलंय?

गटाच्या हप्त्यांची नोंद करायची आणि नेट बंद. मग तालुक्याहून दुरुस्तीवाला येणार, आणि निघणार काय, तर वायर सैल! बिघाड कुठे आहे ते आधी आपणच पाहू.

कॉम्प्युटरवर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, सीएमडी लिहून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. घाबरू नका, आपण नुसतं विचारणार आहोत, काही पुसलं जात नाही.

इंग्रजीत लिहा, आयपीकॉन्फिग. 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसतो तो आपल्या राउटरचा पत्ता. बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. कुठेच आकडा नसेल तर वायर, वायफाय तपासा.

आता पिंग लिहा, जागा सोडा, तोच आकडा लिहा. शेजारणीला हाक मारावी तसं हे. 'रिप्लाय'च्या ओळीत वेळ दिसली, म्हणजे ओ आली. 'टाइम्ड आउट' किंवा 'अनरीचेबल' म्हणजे नाही.

मग पिंग ८.८.८.८, हा गूगलचा पत्ता. राउटर ओ देतो आणि हा देत नाही, तर बिघाड बहुधा बाहेरच्या लाइनीत. तिथे दुरुस्तीवाल्याला पैसे कशाला? नेटच्या कंपनीलाच फोन करा. आकडा ओ देतो, पण पिंग गूगल डॉट कॉम लिहिलं तर नाही, असं झालं तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडलीय. राउटर बंद करून पुन्हा सुरू करा.

बँकेची साइट पिंगला गप्प राहिली तर लगेच ती बंद आहे असं धरू नका. काही साइट मुद्दामच ओ देत नाहीत.

तक्रार करताना ओ कुठपर्यंत आली ते सांगा. नुसतं 'नेट चालत नाही' म्हटलं, की पलीकडून एकच उत्तर येतं, राउटर बंद-चालू करा.