‘अन्’ आणि भूल

ऑपरेशन ठरलं की घरचे डॉक्टरांना हमखास विचारतात, ‘पूर्ण भूल देणार की अर्धी?’ भूल हा आपला घरगुती शब्द. कागदावर मात्र ‘अ‍ॅनेस्थेशिया’ लिहिलेलं असतं. हा लांबलचक शब्द उसवून पाहावा असा आहे.

मधला गाभा ‘एस्थेसिस’, म्हणजे ग्रीकमध्ये संवेदना. शेवटचा ‘इया’ हा अवस्था दाखवणारा प्रत्यय. आणि सुरुवातीचा ‘अन्’ तर आपल्या घरातलाच! अनिच्छा, अनादर यांतला नकाराचा ‘अन्’ तोच. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. नियमसुद्धा सारखा. पुढे स्वर आला तर ‘अन्’, व्यंजन आलं तर नुसता ‘अ’. आपलं अनुचित आणि अज्ञान, तसं तिकडचं अ‍ॅनिमिया आणि अ‍ॅटम. अ‍ॅटम म्हणजे जो कापता येत नाही तो.

16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी एका रुग्णाला ईथर हुंगवलं आणि सर्जन जॉन वॉरेन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. मॉर्टनना पेटंट हवं होतं, म्हणून त्यांनी ईथरचं नाव दडवून औषधाला ‘लिथिऑन’ म्हटलं. ग्रीक पुराणातल्या विस्मृतीच्या नदीवरून, लीथीवरून. महिनाभरानं डॉक्टर आणि कवी असलेल्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी त्यांना पत्र लिहून या अवस्थेसाठी ‘अ‍ॅनेस्थेशिया’ सुचवला. शब्द जुनाच, प्राचीन ग्रीकांनीही वापरलेला. होम्सनी त्याला नव्या कामाला लावलं.

ही निवड मला फार मोलाची वाटते. या शब्दात झोप नाही, विसरणं नाही. फक्त संवेदना नाही एवढंच तो सांगतो. म्हणून 1898 मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी पाठीच्या कण्यात औषध टोचून जाग्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली, तेव्हाही नाव बदलावं लागलं नाही. लिथिऑन तिथे लटका पडला असता.

मराठीनं मात्र नकळत लीथीचाच काठ धरला. भूल म्हणजे विसर, मोहिनी. ‘अर्धी भूल’ दिलेली बाई सिझेरियनच्या टेबलावर पडलेली असते. कमरेखाली चिमटा काढला तरी तिला कळत नाही. पडद्यापलीकडून बाळाचा पहिला टाहो येतो, आणि तो तिला स्वच्छ ऐकू येतो.