विकर आणि त्याचा सोबती

खाल्लेल्या भातापासून शरीरांत शक्ति निर्माण होते, ती विकर नांवाच्या द्रव्यांच्या साहाय्यानें. प्रत्येक विकराचे ठायीं एक खांच असते. तींत ठराविक द्रव्याचाच कण बसतो. हें नातें कुलूपकिल्लीसारखें आहे, असें एमिल फिशर यांनीं १८९४ सालीं सांगितलें. पुढें १९५८ सालीं कॉशलंड यांनीं त्यांत भर घातली : कण आंत येतांच खांचही आपला आकार किंचित् बदलून त्यास कवटाळते.

परंतु कित्येक विकरें एकटीं पंगू असतात. हार्डन व यंग यांनीं १९०६ सालीं यीस्टचा रस गाळून त्याचे दोन भाग केले. कोणत्याही एका भागानें साखर आंबेना. दोन्ही एकत्र करतांच आंबूं लागली. गाळून निघालेला भाग उकळला, तरी त्याचा गुण गेला नाहीं. विकर तर उकळल्यानें नासतें. अर्थात् हा सोबती निराळा. यासच सहविकर म्हणतात.

थायमिन या जीवनसत्त्वापासून असेंच एक सहविकर बनतें, हें १९३७ सालीं लोमान व शुस्टर यांनीं दाखविलें. थायमिन तांदुळाच्या कोंड्यांत असतें. गिरणींत तांदूळ फार पांढरा केला कीं तें कोंड्याबरोबर जातें. मग विकरें असूनही रिकामीं बसतात, मज्जातंतु व हृदय दुबळीं होतात, आणि बेरीबेरी जडते.

म्हणून पांढऱ्याशुभ्र भाताचा सोस बरा नव्हे. घरांत हातसडीचा तांदूळ असावा, आणि भाताची पेज ओतून देऊं नये.