गावठी, कडकनाथ की वनराजा? परसात टिकणारी कोंबडी नेमकी कोणती?

गोरेगावची आरे कॉलनी म्हटली की दूध आठवतं. पण केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्रही इथेच आहे. कॉलनीतल्या पाड्यांवर किंवा इतरत्र, घरामागे दहा-वीस कोंबड्या पाळायच्या तर पहिला प्रश्न हाच असतो: शुद्ध जातीच्या घ्याव्यात की संकरित?

आधी एक गोंधळ दूर करू. गावठी म्हणजे शुद्ध जात नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्या आपसात मिसळत आलेली कोंबडी. असील आणि कडकनाथ या शुद्ध जाती. त्यांची पिल्लं आईबापांसारखीच निपजतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा किंवा बंगळूरुची गिरिराजा हे मात्र मुद्दाम घडवलेले संकर.

अंड्यांच्या हिशेबात संकरित सरळ पुढे. गावठी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते, वनराजा १०० ते ११०. वजनही लवकर भरतं.

मग अडचण कुठे? पुढच्या पिढीत. वेगळ्या रक्ताच्या संकरातून येणारा जोम पहिल्या पिढीत सर्वाधिक असतो. घरच्याच वनराजा कोंबडा-कोंबडीची पिल्लं काढली, तर काही चांगली, काही किरकोळ निघतात. शिवाय वनराजा सहसा खुडूक बसत नाही. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकत आणायची आणि पहिले काही आठवडे बल्बखाली ऊब द्यायची. गावठी आणि असील हे काम फुकट करतात. कडकनाथ महाग असली, तरी अंडी उबवण्यात कच्चीच.

आरेसारख्या झाडीत मुंगूस, साप आणि बिबट्याही असतो. अंगानं हलकी गावठी चटकन उडून झाडावर बसते. जड पक्ष्याला ते जमत नाही. खुराडं पक्कं नसेल, तर जास्तीची अंडी कागदावरच राहतात.

मधला मार्गही आहे. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं देशी जातींशी संकर केले. असीलपासून निर्भीक, कडकनाथपासून श्यामा, उघड्या मानेच्या कोंबडीपासून हितकारी. मानेवर पिसं नसल्यानं हितकारीला उकाडा कमी जाणवतो. घरगुती तोडगा त्याहून स्वस्त: दोन-तीन गावठी माद्या ठेवा आणि उबवणीची संकरित अंडी आणून त्यांच्याखाली बसवा.

काटक म्हणून लस टाळू नका. मानमोडी गावठीलाही सोडत नाही. लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, तर आर-टू-बी आठव्या आठवड्याच्या सुमारास देतात.