विद्यापीठीय इंग्रजी अभ्यासक्रम : शिक्षकांची मते आणि एक कसोटी
(बडोद्याच्या संदर्भात)

प्रास्ताविक

पदवीच्या पहिल्या वर्षातील इंग्रजीचा पेपर हा बहुतेक महाविद्यालयांतील सर्वांत मोठ्या वर्गाचा पेपर असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात आधुनिक भारतीय भाषा व इंग्रजी यांच्या तासांना 'क्षमतावर्धन अभ्यासक्रम' असे नाव दिले गेले. नाव बदलले, परंतु मूळ प्रश्न कायम आहे. ज्याच्या घरात, मोहल्ल्यात आणि शाळेत इंग्रजी बोलली जात नव्हती, अशा विद्यार्थ्याची कोणती क्षमता आपण वाढवतो? आणि जे शिक्षक हा अभ्यासक्रम रोज शिकवतात, त्यांचे याविषयी काय मत आहे? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा एकत्र विचार केला आहे. लेखक इंग्रजीचा अध्यापक नसून उर्दू व मराठीचा आहे. तरीही विद्यार्थी तेच असल्याने शेजारच्या वर्गात काय घडते याविषयी उदासीन राहता येत नाही.

द्वितीय भाषा की परकीय भाषा?

वर्गाबाहेरही जी भाषा कानावर पडते आणि व्यवहारात लागते ती द्वितीय भाषा. जी केवळ वर्गात भेटते ती परकीय भाषा. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळे कल्पिली आणि भारताला मधल्या वर्तुळात ठेवले. म्हणजे येथे इंग्रजी ही द्वितीय भाषा ठरते. देश म्हणून हे बरोबर आहे. प्रशासन, न्यायालये व उच्च शिक्षण यांत इंग्रजी आहेच.

मात्र जे देशाला लागू पडते ते प्रत्येक विद्यार्थ्याला लागू पडतेच असे नाही. अलकापुरीत वाढलेल्या व इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीला इंग्रजी ही द्वितीय भाषा असेल. छोटा उदेपूरहून आलेल्या राठवा मुलाची घरची बोली राठवी, शाळेची भाषा गुजराती, बाजाराची हिंदी. त्याला इंग्रजी चौथी व परकीय भाषा आहे. याकुतपुऱ्यातील विद्यार्थिनी घरी उर्दू बोलते, शाळेत गुजराती माध्यमात शिकते आणि इंग्रजी तिला पाठ्यपुस्तकापुरतीच भेटते. अभ्यासक्रम मात्र या तिघांना एकच गृहीत धरतो.

बडोद्याची पार्श्वभूमी

ही दरी बडोद्यात जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते मुलांच्या भाषेत. उलट १८८१ मध्ये सुरू झालेले बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न आणि इंग्रजी माध्यमाचे होते. अरविंद घोष यांनी येथेच इंग्रजी व फ्रेंच शिकवले. शाळा देशी भाषेची आणि कॉलेज इंग्रजीचे, अशी ही दोन मजली रचना १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडे वारशाने आली. गुजरात राज्याच्या स्थापनेनंतर शाळेत इंग्रजीचा आरंभ दीर्घकाळ आठवीपासून होत असे. बडोद्याचे हे विद्यापीठ मात्र इंग्रजी माध्यमासाठीच ओळखले गेले.

या संदर्भात १९६२ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय मराठी वाचकाने जाणून घ्यावा असा आहे. श्रीकांत मुधोळकर या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्याने शालान्त परीक्षा मराठीतून दिली होती. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात पहिले वर्ष इंग्रजी माध्यमातून पूर्ण केल्यावर, पुढील वर्गात तेच माध्यम घेण्यास विद्यापीठाच्या नियमांची आडकाठी आली. त्याचे वडील न्यायालयात गेले. गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार गुजरात विद्यापीठाला नाही, असा निर्णय बहुमताने लागला. न्यायालयाने माध्यमाचा संबंध शिक्षणाच्या दर्जाशी जोडला. इंग्रजी माध्यम निवडण्याची वाट त्यामुळे खुली राहिली. त्या वाटेवर चालण्याची तयारी कोण करून देणार, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. ती जबाबदारी इंग्रजीच्या पेपरावर येऊन पडली.

शिक्षकांची मते

इंग्रजीच्या अध्यापकांशी होणाऱ्या चर्चेत काही मते वारंवार ऐकू येतात. ती थोडक्यात अशी :

(१) पातळीविषयी : एकाच वर्गात इंग्रजी माध्यमाचे व देशी भाषेच्या माध्यमाचे विद्यार्थी असतात. नेमलेले पुस्तक पहिल्यांना बाळबोध वाटते आणि दुसऱ्यांच्या डोक्यावरून जाते.

(२) आशयाविषयी : येथे शिक्षकांमध्ये दोन गट आहेत. कथा-कवितांवाचून भाषा कोरडी राहते, असे एक गट म्हणतो. अर्ज, अहवाल व मुलाखत शिकवावी, असा दुसऱ्याचा आग्रह असतो. दोन्हींत तथ्य आहे. मात्र धडा पाठ करून उत्तर लिहिता येत असेल, तर कथाही भाषा शिकवत नाही आणि अर्जाचा नमुनाही नाही.

(३) परीक्षेविषयी : बोलणे आणि ऐकणे उद्दिष्टांत असते, तीन तासांच्या लेखी परीक्षेत नसते. जे परीक्षेत नाही ते वर्गातही राहत नाही. मग गाईड हेच खरे पाठ्यपुस्तक ठरते.

(४) मातृभाषेच्या वापराविषयी : बहुतेक शिक्षक अवघड वाक्य गुजरातीत, हिंदीत समजावतात, पण ते सांगताना संकोचतात. या संकोचाचे कारण नाही. सी. जे. डॉडसन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या द्विभाषिक पद्धतीत मातृभाषेचा नेमका व मर्यादित वापर हाच आधार आहे. शब्दाचा अर्थ एकदा मातृभाषेतून द्यावा आणि वाचलेला वेळ सरावाला द्यावा, हे तिचे सार होय.

(५) सहभागाविषयी : अभ्यासक्रम तयार होऊन येतो, आम्हांला तो फक्त 'पूर्ण' करायचा असतो, ही तक्रार सर्वांत व्यापक आहे.

मतांचे मोल किती?

या मतांना केवळ कुरकुर समजणे चुकीचे ठरेल. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत जो 'बंगलोर प्रकल्प' चालवला, त्यात व्याकरणाच्या क्रमाऐवजी कृती व कोडी सोडवण्यातून इंग्रजी शिकवली गेली. तो जगभर गाजला. तरीही पुढे १९९० मध्ये त्यांनीच लिहिले की, सर्वश्रेष्ठ अशी एकच पद्धत नसते. शिकवणे कसे घडते आणि शिकणे कसे साधते, याची शिक्षकाच्या मनात एक पटलेली जाणीव असते. ती जिवंत असेल तर पद्धत फळते. केवळ वरून आलेली पद्धत यांत्रिक होते.

याचा अर्थ शिक्षकांचे प्रत्येक मत ग्राह्य असा नव्हे. आपण व्याकरण पाठ करून शिकलो म्हणून विद्यार्थ्यांनीही तसेच शिकावे, हेही एक मतच आहे. मते तपासून घ्यावी लागतात, आणि तपासण्यासाठी कसोटी लागते.

एक कसोटी : 'सरेंडर व्हॅल्यू'

ती कसोटी आपल्याच उपखंडात सुचलेली आहे. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधील द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. बहुसंख्य मुले अभ्यासक्रम मध्येच सोडतात, हे त्यांनी पाहिले होते. विमा पॉलिसी मध्येच सोडली तर हाती काही रक्कम पडते. तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. तसेच इंग्रजीचा अभ्यासक्रम ज्या टप्प्यावर सुटेल, त्या टप्प्यापर्यंतचे काही उपयोगी पदरात पडले पाहिजे, असे वेस्ट यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी वाचनाला अग्रक्रम दिला, कारण अर्धे आलेले वाचनही उपयोगी पडते.

आज या विचाराला नवे महत्त्व आले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका व तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. कम्युनिटी कॉलेजात तर विद्यार्थी कमी मुदतीसाठीच येतो. पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडणाऱ्याला इंग्रजीने काय दिले, हे सांगता आले पाहिजे. त्याने आपल्या व्यवसायातील दोन पानी सूचना शब्दकोशाच्या मदतीने वाचावी, अर्ज व फॉर्म स्वतः भरावा, न समजलेली गोष्ट दोन वाक्यांत विचारावी. इतके साधले तर ते वर्ष वाया गेले नाही.

गुजरात शासनाने २००७ मध्ये केंब्रिजच्या सहकार्याने 'स्कोप' हा उपक्रम सुरू केला, तेव्हा ऐकणे-बोलणे-वाचणे-लिहिणे यांची पदवीबाहेर स्वतंत्र चाचणी होऊ लागली. पदवीच्या गुणपत्रिकेतील इंग्रजीचे गुण पुरेसे बोलके नाहीत, याची ती एक प्रकारे कबुलीच होती.

भाषा-शिक्षकांचे सहकार्य

येथे उर्दू, मराठी व गुजरातीच्या अध्यापकांनाही काम आहे. विद्यार्थ्यांच्या चुका स्वैर नसतात; त्यांना पहिल्या भाषेचे कारण असते. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत आणि मोठी-लहान अक्षरे नसतात. त्यामुळे उर्दू लिहिणाऱ्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये स्वर गळताना दिसतात. तो 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणतो, पण 'झेड' व 'एफ'चे उच्चार त्याला सहज येतात. गुजराती भाषकाला 'स्नॅक' आणि 'स्नेक' यांतील स्वरभेद ऐकूनच शिकावा लागतो. तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते आणि 'द' या उपपदाला प्रतिशब्द नाही. 'चूक' असे लाल शाईने लिहिण्यापेक्षा हे कारण एकदा फळ्यावर मांडले, तर विद्यार्थ्याला आपण मंद नसून दोन व्यवस्थांच्या मध्ये उभे आहोत, हे कळते.

समारोप

कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांपुढे तीन सूचना ठेवाव्याशा वाटतात. प्रवेशाच्या वेळी गुणांऐवजी एका लहान वाचन-चाचणीवरून वर्गाचे दोन गट करावेत. प्रत्येक सत्राअखेर काय 'करता' येईल, हे विद्यार्थ्याच्या भाषेत लिहून वर्गात लावावे. आणि वर्षातून एकदा सर्व भाषांच्या शिक्षकांनी एकत्र बसून उत्तरपत्रिकांतील चुका अभ्यासाव्यात व त्यांवर आधारलेले मत लेखी स्वरूपात अभ्यासमंडळाकडे पाठवावे. तोंडी तक्रार कॉमन रूममध्येच विरते. पुराव्यासह लिहिलेल्या मताची नोंद घ्यावी लागते. अभ्यासक्रम बदलायला वर्षे लागतील, परंतु यंदा वर्गात बसलेला विद्यार्थी तितकी वर्षे थांबणार नाही.