‘फारखत’ शब्दाचे अर्थ व उपयोग

हल्लींच्या बोलण्यांत ‘फारकत’ म्हटलें कीं नवराबायकोची काडीमोड किंवा तुटलेला संबंध एवढाच अर्थ मनांत येतो. जुन्या दप्तरांत मात्र हा शब्द देण्याघेण्याच्या व्यवहारांतही येतो. हा भेद न ओळखल्यास कागदाची वर्गवारी चुकते व त्यावरून काढलेलें अनुमानही चुकतें.

‘फारिग’ म्हणजे मोकळा व ‘खत’ म्हणजे लेख. या दोन अरबी शब्दांच्या जोडीपासून फारखत, फारखती हीं रूपें झालीं. अर्थात् फारखत म्हणजे मोकळीक दिल्याचा लेख होय. कर्ज फिटल्यावर सावकार कुळास तो देई. एकत्र कुटुंबांतील हिस्सेदार कांहीं ऐवज घेऊन आपला हिस्सा सोडतांना तो लिही. आणि सोडचिठ्ठीसही हेंच नांव मिळालें. तिन्ही ठिकाणीं कल्पना एकच : एकानें हक्क सोडला व दुसरा मोकळा झाला.

निवाडपत्र व येजितखत यांहून फारखत निराळें आहे. निवाडपत्रांत पंचांचा किंवा सभेचा निर्णय असतो. येजितखतांत हरलेला वादी आपली हार लिहून देतो. फारखतास पूर्वीं वाद झालाच पाहिजे असें नाहीं.

कर्जाचें खत सावकाराच्या घरीं राही, फारखत कुळाच्या. म्हणून सावकाराच्या दप्तरांत नुसतें खत सांपडलें, एवढ्यावरून कर्ज बुडालें किंवा थकलें असें म्हणतां येत नाहीं. उलट खत व फारखत एकाच रुमालांत कुळाकडे मिळाल्यास, कर्ज फिटून मूळ खत परत आलें असा तर्क सयुक्तिक ठरतो.

या कागदाचें मोल रयतेस किती होतें, हें १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवरून कळतें. मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथून ते पसरले. सावकारांजवळचीं खतें हिसकावून जाळणें हा दंगेखोरांचा मुख्य हेतु होता. मोकळीक लेखीं नसेल, तर फेडलेलें कर्जही खताच्या आधारें पुन्हां मागतां येई. पुढें १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें पैसे भरणाऱ्या शेतकऱ्यास लेखी पावती मागण्याचा हक्क दिला.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, फारखत हातीं येतांच कोणी, कोणास, कशांतून मोकळें केलें हें प्रथम पाहावें, आणि तें कोणत्या घराच्या कोणत्या रुमालांतून निघालें याची नोंद केल्यावांचून रुमाल मोडूं नये.