हिवताप आणि बालकांची प्रतिकारशक्ती

कृष्णा-कोयनेच्या पाण्याने सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतीचे रूप पालटले. टेंभू उपसा सिंचन योजनेमुळे आटपाडी, कवठेमहांकाळ यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतही पाणी पोहोचले. मात्र संथ वाहणारे पाट, कालव्याकाठची डबकी आणि घरांवरील उघड्या टाक्या यांतच हिवतापाचा प्रसार करणारा अनॉफिलिस डास अंडी घालतो. गडचिरोलीच्या मानाने या दोन्ही जिल्ह्यांत हिवताप पुष्कळच कमी आहे. ही समाधानाची बाब असली, तरी तिची दुसरी बाजूही आहे. येथील बालकांच्या शरीराला या रोगाची ओळखच नसते.

डासाच्या दंशातून शिरलेले परोपजीवी जंतू थोड्याच वेळात यकृतात पोहोचतात. तेथे ते आठवडाभर किंवा अधिक काळ वाढतात. या काळात मूल निरोगीच दिसते. नंतर ते तांबड्या रक्तपेशींत शिरतात. या पेशी फुटल्या की थंडी वाजून ताप भरतो. हा ताप म्हणजे शरीराच्या प्रतिकाराचीच खूण होय. भक्षक पेशी जंतू गिळू लागतात. पाणथरी बाधित रक्तपेशी गाळून काढते व त्या श्रमाने वाढते. म्हणूनच पूर्वीच्या हिवताप सर्वेक्षणांत मुलांची पोटे चाचपून पाणथरी पाहण्याची पद्धत होती.

काही दिवसांनी रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. परंतु फॅल्सिपेरम जातीचा जंतू बाधित पेशीवरील आपली खूण वारंवार बदलतो. शरीराने एक खूण ओळखावी, तो त्याने दुसरी धारण केलेली असते. त्यामुळे गोवराप्रमाणे एकदा रोग होऊन कायमचे संरक्षण मिळत नाही. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे तान्ह्या बाळाला काही महिने आधार देतात, पण आईलाच हा रोग झालेला नसेल तर तोही आधार नसतो. जेथे हिवताप सतत असतो, तेथे अनेकदा आजारी पडून, काही बालके दगावून, उरलेल्यांत अंशतः प्रतिकारशक्ती येते. संसर्ग थांबताच तीही ओसरते. अशी शक्ती यावी म्हणून कोणी रोगाची वाट पाहू नये.

लसीचे तत्त्व हेच आहे, की रोग न होता शरीराला शत्रूची ओळख व्हावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली बालकांसाठी केली. ही लस जंतूला यकृतात पोहोचण्यापूर्वीच अडविण्यासाठी आहे. तथापि ती फॅल्सिपेरमपुरतीच असून तिचे संरक्षण पूर्ण नाही.

म्हणून खरा भर वेळीच होणाऱ्या निदानावर हवा. ताप आलेल्या प्रत्येक बालकाचा रक्तनमुना विनाविलंब तपासला गेला पाहिजे. केवळ ताप उतरविणारी गोळी देऊन थांबू नये. व्हायवॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून राहतात व पुढे पुन्हा ताप आणतात. यास्तव वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवून दिलेला औषधोपचार, ताप उतरला तरी, पूर्ण करावा.

शिक्षकांनी तापामुळे गैरहजर असलेल्या मुलांची माहिती आरोग्य उपकेंद्रास कळवावी. ग्रामपंचायतींनी डबकी बुजवावीत, गप्पी मासे सोडावेत, आठवड्याचा कोरडा दिवस पाळावा आणि गळित हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवरील मुलांची तपासणी होते की नाही हे पाहावे. ज्या बालकाच्या शरीराने हिवताप पाहिलेला नाही, त्याच्यासाठी गावाची दक्षता हीच पहिली प्रतिकारशक्ती होय.