तेलनळीचे सांधे: रंग आणि बैठक

मोटारीच्या तेलनळीचा सांधा हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु ज्यांच्या घरी तांब्या-पितळेची भांडी आहेत, त्यांना हा विषय अगदीच परका नाही. कल्हई उडाली की भांडे कल्हईवाल्याकडे जाते आणि उजळून परत येते. मात्र भांड्याला भोक पडले असेल, तर ते कल्हईने बुजत नाही. चमक कोठे पुरते आणि कोठे पुरत नाही, एवढाच आज विचार करावयाचा आहे.

इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ ही उघडी, वजनाला अतिशय हलकी अशी स्पोर्ट्स कार आणली. लोटसने ती १९७२ पर्यंत बनविली. पण तिची साधी रचना लोकांना एवढी भावली, की अनेक देशांत तिच्या प्रतिकृती होऊ लागल्या. आपल्याकडेही अलिबागजवळ ‘चिंकारा मोटर्स’ने याच घडणीची ‘रोडस्टर’ बांधली आणि तिच्यात इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन बसविले. अशा गाड्या बव्हंशी हातांनी जुळविलेल्या असतात, म्हणून त्यांची निगाही मालकाला स्वतः समजून घ्यावी लागते.

इंजिनातले तेल पंपाच्या दाबाने गाळणीतून बेअरिंगांपर्यंत जाते. काही गाड्यांत ते थंड करण्यासाठी पुढच्या बाजूला वेगळा कूलर असतो आणि तेथवर लांब नळ्या नेलेल्या असतात. या नळ्यांच्या टोकांना जे सांधे असतात, त्यांनाच कारागीर ‘फिटिंग’ म्हणतात. एखादा सांधा सुटला, तर तेल पाहता पाहता बाहेर जाते, बेअरिंग कोरडी पडून इंजिन जाम होते. आणि तेच तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले, तर आग लागण्याचे भय असते.

हा सांधा आट्यांनी तेल अडवितो, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. अमेरिकी लष्कराच्या विमानांसाठी रूढ झालेल्या ‘एएन’ जातीच्या फिटिंगमध्ये एका भागाला मध्यरेषेशी ३७ अंश उतार असलेला शंकू असतो, तर दुसऱ्या भागात त्याला जुळणारी बैठक. नट केवळ या दोघांना एकमेकांवर दाबून धरतो. तेल अडते ते धातूवर धातू बसल्यामुळे. म्हणून आट्यांवर टेप गुंडाळून काहीच साधत नाही. तसेच ४५ अंशांचे फिटिंग दिसायला सारखे असले, तरी ते येथे चालत नाही. मापाचा आकडा हा नळीच्या बाहेरील व्यासाचा, इंचाच्या सोळाव्या भागात मोजलेला असतो. १० क्रमांक म्हणजे १०/१६, अर्थात ५/८ इंच.

आता रंगाकडे वळू. ॲल्युमिनियमच्या फिटिंगचा लाल-निळा रंग ब्रशने दिलेला नसतो. सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात विजेचा प्रवाह सोडून धातूवर ऑक्साइडचा सच्छिद्र थर वाढवितात, त्यात रंग मुरवितात आणि मग गरम पाण्याने छिद्रे मिटवितात. यालाच ॲनोडायझिंग म्हणतात. ऊन आणि उष्णता यांनी हा रंग विटतो. कोपरसारख्या खाडीकाठच्या गावी हवेत ओल असते, खाऱ्या वाऱ्याचाही स्पर्श असतो; त्यात नळीवरील पोलादी जाळी ॲल्युमिनियमला टेकलेली असली, की ॲल्युमिनियम झिजते आणि सांध्यापाशी पांढरी भुकटी दिसू लागते.

मग फिटिंग नव्याने रंगवावे की बदलावे? ते उकलून भिंगाखाली पाहावे. केवळ रंग विटला असेल, तर पुन्हा ॲनोडायझिंग करता येते. पण जुना थर काढण्यासाठी बहुधा कॉस्टिक सोडा वापरतात, आणि तो थराबरोबर थोडा धातूही खातो. म्हणून शंकूवर आडवा ओरखडा, बैठकीत खड्डा, आटे झिजलेले किंवा बारीकशी चीर आढळली, तर मोह सोडावा आणि नवे फिटिंग आणावे. कणांचा मारा करून भाग साफ करीत असाल, तर आतली भोके आधी बंद करावीत. आत अडकलेला एक कण पुढे बेअरिंगचा घात करतो. कडक झालेली, भेगाळलेली रबरी नळी तर ठेवूच नये.

जोडताना शंकूला तेलाचे बोट लावावे, नट प्रथम हाताने फिरवावा आणि मग दोन पान्यांनी आवळावा: एकाने नट फिरवायचा, दुसऱ्याने समोरचा भाग धरायचा, म्हणजे नळीला पीळ बसत नाही. नंतर ठिणगी व इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवावे, तेलदाबाचा काटा हलला की मगच ते सुरू करावे. इंजिन तापून बंद केल्यावर प्रत्येक सांध्याखाली पांढरा कागद धरून पाहावा.

गाडी बघायला येणारे रंगाचे कौतुक करतील, आणि त्यात वावगे काही नाही. पण गाडीत शेजारी बसणाऱ्याचा जीव त्या कोणालाच न दिसणाऱ्या ३७ अंशांच्या बैठकीवर अवलंबून आहे, हे मालकाने विसरू नये.